एकाच फुफ्फुसावर जगणारा हा सेनापती डोलीत बसून सात महिने डचांना गुंगारा देत राहिला

१९ डिसेंबर १९४८. रविवारची पहाट. जावा बेटावरच्या योग्यकार्ता शहराबाहेर मागुवो नावाचं विमानतळ आहे. तिथं आकाशातून डच छत्रीधारी सैनिक उतरायला लागले. योग्यकार्ता तेव्हा इंडोनेशिया नावाच्या अवघ्या तीन वर्षांच्या प्रजासत्ताकाची राजधानी होती.

त्याच शहरात एका घरात ३२ वर्षांचा एक माणूस अंथरुणाला खिळून होता. क्षयरोगानं पोखरलेला. काही आठवड्यांपूर्वीच डॉक्टरांनी त्याचं एक फुफ्फुस निकामी करून ठेवलं होतं, तेव्हा उपचाराची ती एक पद्धत होती. हा माणूस त्या देशाचा सरसेनापती होता. नाव, जनरल सुदिरमान.

पुढच्या काही तासांत राष्ट्राध्यक्ष पकडले गेले, पंतप्रधान पकडले गेले, बरंचसं मंत्रिमंडळ पकडलं गेलं. हा आजारी माणूस मात्र डचांच्या हाती लागला नाही. शेवटपर्यंत लागला नाही.

आता मुळात हा सेनापती झाला कसा, हीच एक भन्नाट गोष्ट आहे. कारण सुदिरमान हे पेशानं मास्तर होते.

२४ जानेवारी १९१६ ला मध्य जावातल्या पुर्बलिंगा भागात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील साखर कारखान्यात कामाला. पण एका नातेवाइकानं त्यांना दत्तक घेतलं. हे नातेवाईक सरकारी अंमलदार होते, त्यामुळं पोराला शाळा मिळाली. चिलाचाप या बंदराच्या गावात ते वाढले. शाळेत असताना इतके धार्मिक की वर्गातली पोरं त्यांना हाजी म्हणून चिडवायची.

पुढं मुहम्मदिया या मुस्लिम सुधारणावादी संघटनेच्या प्राथमिक शाळेत ते शिक्षक झाले आणि मग मुख्याध्यापक. अध्यापनाचा कोर्स पैशाअभावी अर्धवट सुटलेला. संघटनेच्या स्काउट पथकात पोरांना घेऊन डोंगर चढायचे, फुटबॉल खेळायचे. १९३६ मध्ये अल्फिया यांच्याशी लग्न झालं. डच राजवटीत लष्करी शाळेचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग १९४२ साली जपान आला. तीनशे वर्षांहून जास्त काळ या बेटांवर पाय रोवून बसलेले डच काही आठवड्यांत शरण गेले. जपान्यांनी पुढच्या वर्षी स्थानिक पोरांची एक सेना उभी केली, तिचं नाव पेटा. गावात ज्यांचा शब्द चालतो अशा माणसांना त्यात अधिकारी केलं जायचं. मास्तरांचा शब्द चालत होता. सुदिरमान १९४४ मध्ये पेटात गेले आणि बोगोरला प्रशिक्षण घेऊन थेट बटालियनचे प्रमुख झाले.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपाननं शरणागती जाहीर केली आणि दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, सुकार्णो आणि मोहम्मद हट्टा यांनी जकार्तात स्वातंत्र्याची घोषणा केली. प्रश्न असा होता की हे स्वातंत्र्य टिकवायचं कशाच्या जोरावर? पेटा तर जपान्यांनी जाता जाता बरखास्त करून टाकली होती. हत्यारं काढून घेतली होती.

सुदिरमान बान्युमासला परतले आणि तिथल्या जपानी तुकडीशी बोलणी करून, गोळी न झाडता, त्यांची हत्यारं ताब्यात घेतली. बाकी ठिकाणी यासाठी रक्त सांडत होतं. त्यामुळं नव्या सेनेत त्यांच्या तुकडीकडं दारूगोळा बऱ्यापैकी आणि त्यांचं नावही झालेलं.

५ ऑक्टोबर १९४५ ला प्रजासत्ताकाची सेना अधिकृतपणे स्थापन झाली. तिचा पहिला सेनापती म्हणून सरकारनं सुप्रियादी यांचं नाव जाहीर केलं. अडचण एवढीच की सुप्रियादी आदल्या फेब्रुवारीत जपान्यांविरुद्ध बंड करून बेपत्ता झाले होते आणि ते कधी उगवलेच नाहीत. म्हणजे सेना होती, सेनापती नव्हता.

१२ नोव्हेंबरला योग्यकार्तात अधिकाऱ्यांची बैठक बसली आणि त्यांनी चक्क मतदान केलं. एका बाजूला ऊरिप सुमोहार्जो, डचांच्या वसाहती सैन्यात मेजर राहिलेला मुरलेला फौजी. दुसऱ्या बाजूला २९ वर्षांचे मास्तर. तिसऱ्या फेरीत निकाल लागला. सुदिरमान २२, ऊरिप २१.

एका मतानं पडलेल्या ऊरिप यांनी ना रुसवा धरला ना गट फोडला. आपल्याहून वयानं कितीतरी लहान माणसाचे ते चीफ ऑफ स्टाफ म्हणून काम करत राहिले. कारकुनी, शिस्त, रचना हे सगळं त्यांनी बघितलं. इंडोनेशियाच्या इतिहासात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही, हे खरं आहे.

याच दिवसांत आपला संबंध येतो आणि तो फारसा सुखाचा नाही. जपान्यांची हत्यारं उतरवायला आणि युद्धकैदी सोडवायला जावात जे ब्रिटिश सैन्य उतरलं, त्यातला मोठा भाग ब्रिटिश इंडियन आर्मीचा होता. सुराबाया शहरात उतरलेल्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. ३० ऑक्टोबरला तिथं ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी शहरावर जमीन, समुद्र आणि आकाशातून हल्ला चढवला. आपल्या देशात स्वातंत्र्याची चळवळ पेटलेली असताना आपलेच जवान दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर बंदूक रोखून उभे होते. भारतीय नेत्यांनी याविरुद्ध आवाज उठवला. काही जवान तर हत्यारांसह प्रजासत्ताकाच्या बाजूला गेले.

डिसेंबर १९४५ मध्ये सुदिरमान यांनी अंबारावाला ब्रिटिशांवर चौफेर हल्ला केला आणि चार दिवसांत त्यांना सेमारांग बंदराकडं मागं रेटलं. १५ डिसेंबर हा दिवस इंडोनेशियाचं भूदल आजही पाळतं. या लढाईनं मास्तरांवर शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

१९४६ च्या अखेरीस ब्रिटिश गेले. डच उरले, आणि त्यांना वसाहत परत हवी होती. कारण भावनिक कमी, हिशेबी जास्त. हिटलरच्या ताब्यातून नुकताच सुटलेला हॉलंड कंगाल झाला होता आणि रबर, साखर, चहाचे मळे, तेलविहिरी सगळं या बेटांवर होतं.

पुढची दोन वर्षं म्हणजे करार करायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. लिंगाजाती करार झाला, डचांनी २१ जुलै १९४७ ला हल्ला केला. मग रेनव्हिल करार झाला, जानेवारी १९४८ मध्ये, एका अमेरिकन जहाजावर. दरवेळी प्रजासत्ताक थोडं आणखी आक्रसायचं. डच या हल्ल्यांना पोलीस कारवाई म्हणायचे. युद्ध म्हटलं असतं तर समोर एक देश आहे हे मान्य करावं लागलं असतं ना.

सुदिरमान यांना ही वाटाघाटीची वाट कधीच पटली नाही. सरकारनं सह्या करायच्या आणि सैनिकांनी लढून राखलेली खेडी सोडून मागं यायचं, हे त्यांना बोचायचं. पण ते सरकारविरुद्ध उभे राहिले नाहीत.

सप्टेंबर १९४८ मध्ये मादियुनला कम्युनिस्टांनी बंड केलं. देशी माणसांनीच देशी माणसांना मारलं. त्याच काळात सुदिरमान यांचा क्षय उफाळला. नोव्हेंबरमध्ये ऊरिप वारले. आणि डिसेंबरमध्ये डच विमानं आली.

आता पुन्हा त्या रविवारी.

हल्ल्याची बातमी कळताच सुदिरमान अंथरुणातून उठले आणि राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर गेले. सगळ्यांनी डोंगरात जाऊन लढायचं असं आधी ठरलं होतं. पण सुकार्णो आणि मंत्रिमंडळानं शहरातच थांबायचं ठरवलं. हिशेब असा की राष्ट्राध्यक्ष डचांच्या कैदेत गेला तर जगात बोभाटा होईल. सुकार्णोंनी सुदिरमान यांनाही थांबून उपचार घ्यायला सांगितलं. सुदिरमान यांनी ते ऐकलं नाही.

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि सैन्यातल्या अनेकांना सुकार्णोंचं थांबणं पुढं कित्येक वर्षं सलत राहिलं.

मूठभर सैनिक आणि सोबत डॉक्टर सुवोंदो, एवढा लवाजमा घेऊन सुदिरमान दक्षिणेला निघाले. समुद्रकिनाऱ्याच्या बाजूनं, मग गुनुंग किदुलच्या चुनखडी डोंगरातून, वोनोगिरी, पोनोरोगो करत केदिरीपर्यंत. सुरुवातीला मोटार होती. रस्ते संपले तशी मोटारही संपली. मग डोली आली. आपल्याकडं गडावर म्हाताऱ्यांना नेतात ना, तशी. खुर्चीला दांडे बांधलेले, खांद्यावर गावकरी आणि सैनिक. डोक्याला फेटा, अंगात लांब ओव्हरकोट, आणि खोकल्याची उबळ आली की सगळी वाट थांबायची.

डचांना ते कुठं असावेत याचा अंदाज लागायचा. विमानं घिरट्या घालायची. केदिरीच्या बाजूला हल्ला झाला तेव्हा ते विलिस पर्वताच्या उतारावरच्या जंगलात शिरले. एकदा तर त्यांच्या एका सहकाऱ्यानं त्यांचा कोट घालून दुसऱ्याच दिशेला कूच केलं आणि डच त्या तोतया सेनापतीच्या मागं लागले. पन्हाळगडच्या शिवा काशीद यांची आठवण मराठी माणसाला इथं आल्याशिवाय राहत नाही.

पैशाचं काय? अल्फिया यांनी आपले दागिने विकायला काढून दिले होते. खाणंपिणं खेड्यांनी दिलं. आणि हाच या सगळ्या लढ्याचा कणा होता. डचांकडं रणगाडे होते, विमानं होती, शहरं होती, मोठे रस्ते होते. पण अंधार पडला की खेडी प्रजासत्ताकाची. सरळ समोरासमोर न लढता प्रदेशाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडीनं आपापल्या भागात स्वतंत्र लढत राहायचं, पूल आणि रस्ते उडवायचे, ही गनिमी काव्याची आखणी हल्ल्याच्या आधीच तयार होती. जावात तिची अंमलबजावणी नसुत्यान यांच्याकडं होती. सुदिरमान प्रत्येक चकमकीचं नियोजन करत नव्हते, त्यांना तेवढा श्वासही नव्हता. पण सेनापती अजून डोंगरात आहे आणि पकडला गेलेला नाही, ही बातमी एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात जात होती. त्यांच्याकडं मंत्रशक्ती आहे, अशाही आख्यायिका पसरल्या.

तिकडं सुमात्रात शाफ्रुद्दीन प्रविरानगारा यांनी बुकिटिंगी भागातून आणीबाणीचं सरकार चालवलं. योग्यकार्तात सुलतान हमंगकुबुवोनो नववे यांनी डचांशी सहकार्य करायला नकार दिला. १ मार्च १९४९ ला लेफ्टनंट कर्नल सुहार्तो यांच्या नेतृत्वाखाली सैनिक योग्यकार्तात घुसले आणि सहा तास शहर ताब्यात ठेवून निघून गेले. प्रजासत्ताक संपलं या डच प्रचाराचं वाभाडं निघालं. हेच सुहार्तो पुढं तीन दशकं हुकूमशहा होते आणि त्यांच्या काळात या सहा तासांचं श्रेय जवळजवळ सगळं त्यांच्याच खात्यावर जमा झालं, ही वेगळी भानगड.

सुकार्णोंचा हिशेबही चुकला नाही. नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली, डच विमानांना भारतात बंदी घातली. ओडिशाच्या बिजू पटनायक यांनी तर १९४७ मध्येच स्वतः विमान नेऊन इंडोनेशियन नेते शहरीर यांना बाहेर काढलं होतं. २८ जानेवारीला सुरक्षा परिषदेनं कैदेतल्या नेत्यांना सोडण्याचा ठराव केला. अमेरिकेत डचांची मदत थांबवण्याची भाषा सुरू झाली.

७ मे १९४९ ला रोम-फान रोयेन करार झाला. जुलैत सुकार्णो योग्यकार्तात परतले. सुदिरमान तेव्हा पाचितानच्या डोंगरात सोबो नावाच्या खेड्यात होते आणि त्यांना खाली यायचंच नव्हतं. पुन्हा एक करार, पुन्हा डचांवर विश्वास! गातोत सुब्रोतो या जुन्या सहकाऱ्यानं पत्र लिहून मनधरणी केली, तेव्हा कुठं ते निघाले. १० जुलैला ते डोलीतून योग्यकार्ताकडं आले. अंगात मांस उरलं नव्हतं. सुकार्णोंनी त्यांना मिठी मारली.

२७ डिसेंबर १९४९ ला डचांनी सत्ता सोपवली, पण फुकट नाही. साधारण ४३० कोटी गिल्डरचं कर्ज नव्या देशाच्या डोक्यावर ठेवलं आणि पश्चिम न्यू गिनी स्वतःकडंच ठेवलं.

सुदिरमान यांनी स्वतंत्र देशात महिनाभर काढला. २९ जानेवारी १९५० ला मागेलांगला त्यांचं निधन झालं. वय ३४. मागं अल्फिया आणि सात मुलं. योग्यकार्तात ऊरिप यांच्या शेजारीच त्यांना दफन केलं.

जकार्तातला सगळ्यात महत्त्वाचा रस्ता आज त्यांच्या नावाचा आहे. १९६८ च्या मालिकेतल्या सगळ्या नोटांवर त्यांचंच चित्र होतं. लष्करातले तरुण त्यांच्या डोलीच्या वाटेवरून पायी चालत जातात.

हॉलंडचं म्हणणं मात्र कित्येक दशकं तेच होतं, इंडोनेशिया स्वतंत्र झाला तो १९४९ मध्ये, आम्ही सही केली तेव्हा. २०२० मध्ये डच राजानं इंडोनेशियात येऊन त्या काळातल्या अतिरेकी हिंसाचाराबद्दल माफी मागितली. आणि जून २०२३ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांनी संसदेत १७ ऑगस्ट १९४५ हीच स्वातंत्र्याची तारीख पूर्णपणे मान्य केली. तोवर सुदिरमान यांना जाऊन ७३ वर्षं झाली होती.