विश्लेषण : क्षणात नष्ट होणारा कण जमिनीपर्यंत पोहोचतो कसा? होमी भाभांनी काय सांगितले होते?
भिवंडीत तळहात आडवा धरला, तर साधारण दर सेकंदाला एक म्यूऑन कण त्यातून पार होतो. ज्याचे सरासरी आयुष्य सेकंदाचा साडेचार लाखावा भाग, तो कण वातावरणाच्या वरच्या थरातून खाली पोहोचतो कसा?

उत्तराची दिशा मुंबईत १९०९ मध्ये जन्मलेल्या होमी भाभांनी दाखवली. केंब्रिजमध्ये बीटा क्षयाचा, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचा, अभ्यास करताना १९३८ मध्ये त्यांनी मांडले, की वैश्विक किरणांतील जड कणही क्षय पावतो. मात्र प्रचंड वेगामुळे त्याचे घड्याळ मंदावते आणि तो जास्त टिकतो. १९४१ मध्ये अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांच्या मोजणीने ते खरे ठरले.

तोवर महायुद्धामुळे भाभा भारतातच थांबले होते. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. १९६६ मध्ये माँ ब्लां पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.