न मोजता मोजणारे ॲव्होगॅड्रो

पावसाळ्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवर ओढ्या-झऱ्यांचे पाणी गढूळ होते आणि त्याच्या मागोमाग जुलाब येतात. लहान मूल एका दिवसात सुकते. डोळे खोल जातात, तोंड कोरडे पडते. अशा वेळी आशा ताईंच्या पिशवीतले ओआरएसचे पाकीट बहुतेक मुलांना सलाइनच्या बाटलीपासून वाचवते. एक लिटर पाण्यासाठीच्या त्या पाकिटावर लिहिलेले असते: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. या आकड्यांत वरवर पाहता काहीच मेळ दिसत नाही. साखर एवढी जास्त आणि मीठ इतके कमी का, हे ग्रॅममध्ये विचार करून कधीच कळत नाही. ते कळायला एका इटालियन वकिलाची आठवण काढावी लागते.

आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी तुरिन शहरात झाला. घराणे सरदारांचे आणि कायदेपंडितांचे, वडील न्यायखात्यात मोठ्या पदावर. मुलानेही तोच रस्ता धरला आणि विसाव्या वर्षी चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली. काही वर्षे वकिलीही केली. पण १८०० च्या सुमारास त्यांनी घरीच गणित आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि हळूहळू कायद्याची पुस्तके मागे पडली. १८०९ मध्ये ते व्हेर्चेली या लहानशा गावातल्या कॉलेजात शिकवायला गेले. पॅरिस, लंडन, स्टॉकहोम या त्या वेळच्या रसायनशास्त्राच्या पेठांपासून हे गाव दूर होते आणि ॲव्होगॅड्रो स्वभावाने अबोल. पुढे जे झाले त्यात या दोन्ही गोष्टींचा हात होता.

त्या काळात एक मोठे कोडे पडलेले होते. इंग्लंडच्या डाल्टन यांनी पदार्थ अणूंचे बनलेले असतात असे मांडले होते. फ्रान्सच्या गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवले की दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन एकत्र आले की बरोबर दोन मापे वाफ तयार होते. डाल्टन यांचा यावर विश्वास बसेना. ऑक्सिजनच्या एका मापातून वाफेची दोन मापे व्हायची तर ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे व्हायला हवेत, आणि अणू तर फुटत नाही!

१८११ मध्ये ॲव्होगॅड्रो यांनी एका फ्रेंच नियतकालिकात लेख लिहून हे कोडे सोडवले. त्यांचे म्हणणे दोनच गोष्टींचे होते. तापमान आणि दाब सारखा असेल तर कोणत्याही वायूच्या सारख्या मापात कणांची संख्या सारखीच असते. आणि ऑक्सिजन किंवा हायड्रोजन वायूचा कण म्हणजे एकटा अणू नव्हे, तर दोन अणूंची जोडी असते. ती जोडी फुटू शकते. म्हणजे पाण्याच्या कणात हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू. आज शाळकरी पोरे म्हणतात ते एचटूओ इथून आले.

पहिली गोष्ट पचायला अवघड आहे. जुन्नरहून नाणेघाटात गेलेल्यांनी तिथला दगडी रांजण पाहिलेला असतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकली जाई, असे परंपरेने सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणीचा यज्ञ-दानांचा शिलालेख आहे आणि त्यात कोरलेले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांपैकी आहेत. आता हा रांजण मोठ्या नाण्यांनी भरला तर कमी नाणी मावतील, छोट्या नाण्यांनी भरला तर जास्त. मग हलका हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन एका रांजणात सारख्याच संख्येने कसे मावतील? ॲव्होगॅड्रो यांचे उत्तर असे की वायूतले कण एकमेकांना चिकटून बसलेले नसतात. त्यांच्यातले अंतर त्यांच्या आकाराच्या मानाने इतके मोठे असते की कण लहान की मोठा याने फरकच पडत नाही.

एकदा हे मान्य केले की पुढचे काम नारायणगावच्या टोमॅटो बाजारातला हमालही करू शकेल. दोन क्रेटमध्ये फळांची संख्या सारखीच आहे हे खात्रीने ठाऊक असेल, तर एकही फळ न मोजता फक्त दोन्ही क्रेट काट्यावर ठेवायचे. एका क्रेटचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट भरले तर त्यातले सरासरी फळही दुप्पट वजनाचे. सारख्या मापाचा ऑक्सिजन हायड्रोजनच्या सोळा पट वजनाचा भरतो. म्हणून ऑक्सिजनचा कण हायड्रोजनच्या कणाच्या सोळा पट जड. कण कोणी पाहिलेला नाही, मोजलेला नाही, आणि तरी त्याचे वजन कळते. ग्रॅममधून कणांकडे जायचा हा पहिला पूल होता.

आणि त्यावरून कोणीही चालले नाही. डाल्टन आणि स्वीडनचे बर्झेलियस या दोघांनाही एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील हे पटत नव्हते, आणि त्यांच्यासमोर व्हेर्चेलीच्या मास्तरांना कोण विचारतो? थोडा दोष खुद्द ॲव्होगॅड्रो यांच्याकडेही जातो. त्यांचे लिखाण क्लिष्ट होते, रेणू हा शब्द ते वेगवेगळ्या अर्थांनी वापरत आणि प्रयोग करून दाखवण्यात ते फारसे रमत नसत.

१८२० मध्ये तुरिन विद्यापीठात त्यांना गणिती भौतिकशास्त्राचे अध्यासन मिळाले. पुढच्याच वर्षी राज्यात उठाव झाला, विद्यार्थी त्यात होते, आणि त्यानंतर ते अध्यासनच बंद करण्यात आले. १८३४ मध्ये ते परत मिळाले. मधल्या काळात आणि नंतरही त्यांनी संशोधन सोडले नाही, चार खंडांचा भौतिकशास्त्राचा ग्रंथ लिहिला, सहा मुले वाढवली, आणि सांख्यिकी, हवामान, वजने-मापे यांची सरकारी कामेही निभावली. ९ जुलै १८५६ रोजी ते वारले. त्यांचा १८११ चा लेख तोपर्यंत जवळजवळ विस्मरणात गेलेला होता.

दरम्यान रसायनशास्त्रात पुरता गोंधळ माजला होता. साध्या व्हिनेगरमधल्या आम्लाची डझनावारी वेगवेगळी सूत्रे प्रचारात होती. ॲव्होगॅड्रो यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, सप्टेंबर १८६० मध्ये, यावर तोडगा काढायला युरोपातले शंभराहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जर्मनीतल्या कार्ल्सरुह इथे जमले. तिथे सिसिलीच्या कॅनिझारो यांनी या विसरलेल्या गृहीतकाची बाजू मांडली आणि शेवटी त्यांची पुस्तिका वाटण्यात आली. ती खिशात घालून घरी गेलेल्यांत रशियाचे तरुण मेंडेलीव्ह होते. अणुभारांचा गुंता सुटला आणि नऊ वर्षांत त्यांची आवर्तसारणी आली.

ज्या संख्येला आज त्यांचे नाव आहे ती ॲव्होगॅड्रो यांनी कधीच काढली नव्हती. तिचा पहिला अंदाज १८६५ मध्ये ऑस्ट्रियाच्या लोश्मिट यांच्या कामातून आला. फ्रान्सच्या पेरँ यांनी १९०९ च्या सुमारास आपल्या कोकमाच्याच कुळातल्या एका झाडाच्या पिवळ्या डिंकाचे बारीक कण पाण्यात हलताना मोजून ती पक्की केली आणि तिला ॲव्होगॅड्रो यांचे नाव दिले. ही संख्या म्हणजे ६.०२२ वर दहाचा तेविसावा घात. आपल्या जुन्या मोजणीत परार्ध ही शेवटची पायरी. तशी ही संख्या साठ लाख परार्ध होते. एवढे कण म्हणजे एक मोल. डझन म्हणजे बारा, ग्रोस म्हणजे १४४, तसा मोल. पाण्याच्या कणाचे तुलनात्मक वजन १८, म्हणून १८ ग्रॅम पाणी, मोठ्या चमच्याहून थोडे जास्त, म्हणजे एक मोल. २० मे २०१९ पासून ही संख्या आंतरराष्ट्रीय मोजमापात कायमची ठरवून टाकली आहे.

रक्तातली साखर मंचरच्या प्रयोगशाळेत १०८ येते आणि लंडनमधल्या मुलाची ६, तेव्हा घरात घबराट उडते. दोन्ही एकच आहेत. इथे एका डेसिलिटरमधले मिलिग्रॅम सांगतात, तिथे एका लिटरमधले मिलिमोल, म्हणजे मोलचे हजारावे भाग. ग्लुकोजसाठी १८ ने भागले की काम झाले.

आता ओआरएसचे पाकीट. ग्लुकोजच्या एका मोलचे वजन १८० ग्रॅम, म्हणून १३.५ ग्रॅम म्हणजे ७५ मिलिमोल. मिठाचा मोल ५८.५ ग्रॅमचा, म्हणून २.६ ग्रॅममधून सोडियमचे साधारण ४५ मिलिमोल मिळतात. सायट्रेटचा मोल २९४ ग्रॅमचा, २.९ ग्रॅम म्हणजे जवळपास १० मिलिमोल, पण त्याच्या प्रत्येक कणात सोडियम तीन, म्हणून आणखी ३०. बेरीज ७५. वजनात पाचपट अंतर असलेली साखर आणि मीठ कणांच्या हिशेबात बरोबरीला येतात, आणि आतड्याला फक्त कण कळतात. आतड्याच्या भिंतीतली दारे सोडियम आणि ग्लुकोजला सोबतीनेच आत घेतात आणि त्यांच्यामागे पाणी जाते.

सगळ्या कणांची मिळून बेरीज लिटरला २४५ मिलिमोल होते. रक्तात ती २९० च्या आसपास असते, म्हणून पाण्याचा ओढा आतड्यातून रक्ताकडे राहतो. तेच पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवले तर आकडा ४९० होतो. मग पाणी उलटे, मुलाच्या रक्तातून आतड्याकडे ओढले जाते आणि जुलाब वाढतात.