राजमाता जिजाबाई व मावळची लेकरे

ज्युबिलीच्या वर्षी मंडळी मागे वळून पाहते, तेव्हा बहुधा इमारतींची गणना होते. देवळाचा पाया कधी घातला, घंटा कधी आली, शाळेचे छप्पर कोणाच्या उदारपणामुळे उभे राहिले, हे सर्व मोठ्या प्रेमाने आठवले जाते, आणि ते योग्यच होय. परंतु या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहावयास बसलो असता आमच्या मनात एक निराळाच प्रश्न उभा राहिला. इतक्या वर्षांत आपण मंडळी या नात्याने किती मुले वाढविली? आपापली नव्हेत, ती ज्याची त्याने वाढविलीच. शेजाऱ्याची किती वाढविली?

या प्रश्नाचा विचार करिताना आम्हांस दूर जावे लागले नाही. भोर व वेल्हे या डोंगरमुलखात तोरणा, राजगड, रोहिडा व रायरेश्वर रोज डोळ्यांसमोर असतात. त्यांपैकी राजगडावर ज्या थोर स्त्रीने आयुष्याची पुष्कळ वर्षे काढिली, त्या राजमाता जिजाबाईंचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो. थोर पुत्र घडविणारी माता म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र आहे. परंतु त्यांनी ते कार्य एकटीने केले नाही. केव्हा, कोणाचा व कसा हात घ्यावा हे त्या जाणत होत्या. चरित्राची ही बाजू सहसा सांगितली जात नाही, म्हणून तीवर आम्ही अधिक थांबू.

जिजाबाईंचा जन्म सन 1598 मध्ये, हल्लीच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड येथे झाला. पिता लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील बलाढ्य सरदार होते. वेरूळच्या भोसले घराण्यातील मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन्ही घराणी मानी. त्यांत वैर आले, आणि सासर व माहेर यांमध्ये जिजाबाईंचा जीव ओढला गेला. पुढे जुलै 1629 मध्ये लखुजी जाधवरावांस त्यांच्या पुत्रांसह दौलताबादेस निजामशहाच्या दरबारी दगा देऊन मारण्यात आले. त्यानंतर सात महिने होतात न होतात तोच, दिनांक 19 फेब्रुवारी 1630 रोजी, शिवनेरी किल्ल्यावर जिजाबाईंच्या पोटी शिवाजीराजांचा जन्म झाला. वडील व भाऊ मारले गेलेले, पती मोहिमेवर, आणि मुलखात भयंकर दुष्काळाची चाहूल, अशा काळात त्या बाळाचा पाळणा हलला.

सन 1636 नंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले. थोरले पुत्र संभाजी हे पित्यापाशी राहिले, व पुढे कनकगिरीच्या लढाईत पडले. धाकट्या शिवबास घेऊन जिजाबाई पुण्याच्या जहागिरीत आल्या. तेव्हाचे पुणे म्हणजे उजाड गाव. आदिलशाही फौजेने ते जाळून त्यावरून गाढवाचा नांगर फिरविला होता. मावळची खोरी दुष्काळाने व लढायांनी ओस पडली होती; रानात लांडगे माजले होते. जहागिरीचे कारभारी दादोजी कोंडदेव यांनी लांडगे मारणारांस इनाम दिले, पडीक जमीन लागवडीस आणणारांस पहिली काही वर्षे नाममात्र सारा लाविला, आणि हळूहळू माणसे परतू लागली. जिजाबाईंच्या डोळ्यांदेखत हे सर्व झाले, व त्यांच्या मुलानेही ते पाहिले. उजाड गाव पुन्हा वसताना पाहणे, ही त्या मुलाची पहिली शाळा होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिता दूर असला तरी त्याने हात झटकले नाहीत. शिवाजीराजे बंगळुराहून परतले तेव्हा शहाजीराजांनी शामराव नीळकंठ, बाळकृष्णपंत हणमंते, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ अशी जाणती माणसे त्यांच्यासोबत दिली. कोणी हिशेब जाणणारा, कोणी पत्रव्यवहार जाणणारा. आपण स्वतः जवळ नाही, तर आपल्या जागी चांगली माणसे तरी असावीत, हा त्यामागील विचार स्पष्ट दिसतो. आणि जिजाबाईंचे मोठेपण हे की, आपल्या मुलावर दुसऱ्यांचा अधिकार त्यांनी सोसला. मूल आपले म्हणून त्यास दुसऱ्याने बोलू नये, असे त्यांनी केले नाही.

या जाणत्या माणसांखेरीज आणखी एक मोठे कुटुंब त्या मुलास लाभले, ते म्हणजे मावळ. हिरडस मावळात बांदल, रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, गुंजण मावळात शिळीमकर, मोसेखोऱ्यात पासलकर, अशी देशमुखांची घराणी खोरे धरून होती. त्यांच्यात हाडवैरे होती, सीमेचे तंटे होते, रक्तही सांडत होते. बांदलांसारखे काही आरंभी विरोधातही उभे राहिले. परंतु याच खोऱ्यांतून भुतोंड्याच्या येसाजी कंकांसारखे सवंगडी व बाजी पासलकरांसारखे वडीलधारे शिवाजीराजांस मिळाले. डोंगराच्या वाटा, माणसांची भाषा, कोणाच्या घरी काय दुःख आहे, हे ज्ञान पोथीतून येत नाही. ते गावोगावच्या ओसऱ्यांवर मिळते.

दुसऱ्याचे मूल आपलेसे करण्याची रीत या खोऱ्यांत पूर्वीपासूनच होती, याची साक्ष कारीच्या जेधे घराण्याच्या करीन्यात आहे. कान्होजी जेधे पाळण्यात असता त्यांचे वडील नाईकजी भाऊबंदकीच्या कलहात मारले गेले, आणि बाळाचाही जीव धोक्यात आला. तेव्हा घरच्या विश्वासू माणसांनी ते मूल उचलून डोंगरापलीकडे मोसेखोऱ्यात बाजी पासलकरांकडे पोहोचविले. पासलकरांनी त्यास वाढविले, आणि पुढे आपली कन्याही दिली. दुसऱ्या खोऱ्याचे, दुसऱ्या कुळीचे, वैर पाठीस घेऊन आलेले ते मूल. त्यास दाराबाहेर ठेवणे सोपे होते. पासलकरांनी दार उघडले. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

अशा रीतीने वाढलेला मुलगा कसा निघाला, याचे एक उदाहरण भोर तालुक्यातील रांझे गावचेच आहे. सन 1646 मध्ये तेथील पाटलाने एका स्त्रीशी दुर्वर्तन केले. शिवाजीराजे तेव्हा अवघे सोळा वर्षांचे. त्यांनी चौकशी करून त्या पाटलास कठोर शिक्षा केली; अधिकार व घराणे यांची भीड धरिली नाही. त्या काळच्या शिक्षेची रीत आज कोणी स्वीकारणार नाही. तथापि गावची लेक ती आपली बहीण, ही समजूत त्या वयात आली कोठून, हे सांगावयास नको.

सन 1659 हे वर्ष जिजाबाईंच्या कसोटीचे होते. विजापुराहून अफझलखान मोठ्या फौजेनिशी चालून आला होता, आणि शिवाजीराजे प्रतापगडाकडे गुंतले होते. इकडे राजगडावर सून सईबाई अंथरुणास खिळल्या होत्या. दिनांक 5 सप्टेंबर 1659 रोजी त्यांचा अंत झाला. गडाच्या पायथ्याशी पाल येथे त्यांची समाधी आहे. मागे राहिलेला पुत्र संभाजी, पुरंदरावर 14 मे 1657 रोजी जन्मलेला, अवघा सव्वादोन वर्षांचा. आई गेली, बाप मरणाच्या दाढेत. आणि एकसष्ट वर्षांच्या आजीच्या पदरी ते मूल आले. ज्या पुत्रास लहानपणी पित्यापाशी ठेवावे लागले व जो परत आला नाही, त्याचेच नाव या नातवास दिलेले होते.

परंतु या मुलासाठी एक पदर आधीच पुढे झाला होता. सईबाईंची प्रकृती बाळंतपणापासून क्षीण असल्याने बाळास दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळ गावची धाराऊ गाडे ही कुणबी स्त्री त्याची दूधआई झाली, अशी या भागाची परंपरा सांगते. पुण्याहून साताऱ्यास जाताना भोरचा फाटा फुटतो तेच हे कापूरहोळ. तिचे स्वतःचे लेकरू होते, संसार होता, शेत होते. तो सोडून ती राजाच्या मुलासाठी गडावर गेली. तिचे पुत्र अंतोजी व रायाजी हे संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले जातात. राज्याच्या वारसास राजवाड्याबाहेरील एका शेतकरणीने दूध पाजिले, आणि राजमातेने त्यात कमीपणा मानिला नाही. आम्ही कापूरहोळावरून जातो तेव्हा तिची आठवण केल्यावाचून पुढे जात नाही.

त्याच वर्षी आदिलशहाचे फर्मान मावळच्या देशमुखांस आले, की खानास सामील व्हावे, नाही तर वतन जाईल. तेव्हा कान्होजी जेधे आपल्या पाच पुत्रांसह शिवाजीराजांकडे आले व वतनावर पाणी सोडून त्यांच्या बाजूस उभे राहिले. इतर देशमुखांनाही त्यांनी वळविले. पासलकरांच्या ओसरीवर वाढलेले अनाथ मूल ते हेच. एका खोऱ्याने एका बाळास आसरा दिला, आणि सुमारे अर्ध्या शतकाने त्या बाळाने सर्व खोऱ्यांस आसरा दिला. मुलांवर केलेला खर्च कोठे व केव्हा उगवेल, हे पेरणाराने विचारू नये.

नातवाच्या वाट्यास शांत बालपण आले नाही. सन 1665 च्या पुरंदरच्या तहात आठ वर्षांच्या संभाजीस ओलीस म्हणून मिर्झाराजे जयसिंहाच्या छावणीत जावे लागले. पुढील वर्षी पित्यासमवेत तो आग्र्यास गेला. जिजाबाई राजगडावर राहून राज्याचा भार वाहत होत्या. पुत्र व नातू दोघेही शत्रूच्या हाती. ऑगस्ट 1666 मध्ये शिवाजीराजे निसटले, परंतु लहान मुलासह दौड करणे शक्य नव्हते. त्यांनी त्यास मथुरेत एका दक्षिणी ब्राह्मण कुटुंबात ठेविले. मूल मरण पावले अशी वार्ता उठविली गेली, आणि काही काळाने ते सुखरूप राजगडास पोहोचले. ज्या घराने बादशहाच्या कोपाची भीती न बाळगता परक्या मुलास आपले म्हणून सांभाळिले, त्या घराचे मोल कसे करावे? कापूरहोळपासून मथुरेपर्यंत त्या मुलास आया भेटत गेल्या.

दिनांक 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवाजीराजांस राज्याभिषेक झाला. शहाजीराजे दहा वर्षांपूर्वी, 1664 च्या जानेवारीत, वारले होते. जिजाबाईंनी तो सोहळा डोळे भरून पाहिला, आणि अकरा दिवसांनी, 17 जून रोजी, गडाखालील पाचाड येथे त्यांनी देह ठेविला. नातू तेव्हा सतरा वर्षांचा होता.

येथे चरित्र संपते. परंतु आम्हांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्यावाचून बोध पुरा होत नाही. आजी गेल्यावर राजघराण्यात दुही वाढली. दरबारातील वडीलधारे व युवराज यांच्यात अंतर पडले. ज्यांनी समजावावे ते तक्रारी सांगू लागले. सन 1678 च्या डिसेंबरात संभाजीराजे घर सोडून मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले, आणि वर्षभराने परत आले. त्या तरुणात गुणांची वाण नव्हती. त्यांनी संस्कृतात बुधभूषण हा ग्रंथ रचिला. पुढे नऊ वर्षे राज्य राखिले, आणि 1689 मध्ये औरंगजेबाच्या छळापुढे मान न वाकविता मरण पत्करिले. असे रत्नही एकदा घराबाहेर पडले. आम्ही कोणास दोष देत नाही. परंतु दूध पाजणारे हात पुष्कळ होते, आणि तरुणपणी खांद्यावर ठेवावयाचा हात मात्र कमी पडला, असे आम्हांस वाटते. लेकराचे कोडकौतुक सारा गाव करितो. सतरा वर्षांच्या मुलास कोण जवळ घेतो?

हे लिहिताना आमचेच मन आम्हांस टोचते. फार वर्षांमागे, आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी सेवेत असता, एक मुलगा धर्मशिक्षणाच्या वर्गास येईनासा झाला. त्याची आई वारली होती, व बाप कामासाठी शहरात राही. आम्ही त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडीत गेलो. संध्याकाळी त्यास भाकरी कोण देतो, हे आम्ही विचारले नाही. शेजाऱ्यांनीही विचारले नाही, कारण प्रत्येकास वाटले की ते फादर पाहतील. एके दिवशी तो गाव सोडून गेला. त्या वर्गाची हजेरीवही आम्ही चोख ठेविली होती.

आज या खोऱ्यांतील तरुण आईबापे पोटासाठी पुण्यास जातात. कित्येक घरी म्हातारी आजी व दोन नातवंडे एवढेच मागे राहतात. त्या आज्यांस जिजाबाईंचे चरित्र आधार देईल. परंतु जिजाबाईंच्या पाठीशी धाराऊ होती, पासलकर होते, जेधे होते; आपल्या वाडीतील आजीच्या पाठीशी कोण आहे? बाप्तिस्म्याच्या वेळी आपण धर्मपिता व धर्ममाता म्हणून मुलाजवळ उभे राहतो. त्या दिवशीचे जेवण आटोपल्यावर कितीजण त्या मुलाच्या घरी पुन्हा जातात, याचा ज्याने त्याने आपल्याशी विचार करावा.

म्हणून ज्युबिलीच्या या शुभप्रसंगी आमची मंडळीस विनंती एवढीच आहे. प्रत्येक घराने या वर्षी आपल्या रक्ताचे नसलेले एक मूल आपले म्हणावे. त्याच्या अभ्यासाची चौकशी करावी, ते चुकल्यास प्रेमाने दटावावे, आणि त्याच्या आईबापांनी त्याचा राग मानू नये. तरुण झाल्यावर त्यास सोडून देऊ नये. पुढील ज्युबिलीस या स्मरणिकेत इमारतींची यादी थोडी आखूड झाली तरी चालेल. वाढविलेल्या मुलांची यादी लांब असो, अशी प्रभुचरणी आमची प्रार्थना आहे.