कोसंबींची फूटपट्टी

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल ते इतिहासकार म्हणून. एमपीएससी-यूपीएससीच्या मागे लागलेल्या रूममेटच्या टेबलावर त्यांचं पुस्तक पाहिलंही असेल. पण हा माणूस मुळात गणिताचा मास्तर. आणि गंमत म्हणजे जनुकांवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचं नाव घेतलं जातं, ते इतिहासामुळे नाही, तर एका छोट्याशा सूत्रामुळे!

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबेन गावी झाला. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे पाली भाषा आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. त्यांना अमेरिकेत हार्वर्डला काम मिळालं आणि १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर तिकडे गेला. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. पुढे पीएच.डी. मात्र त्यांनी कधी केलीच नाही. बनारस, अलीगढ असं करत १९३३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले आणि तिथे बारा वर्षं राहिले.

याच काळात त्यांना स्टॅटिस्टिक्सनं झपाटलं. विषय नुसता पुस्तकातून शिकायचा नाही, खरा डेटा हातात घ्यायचा, हा त्यांचा खाक्या. त्यांनी हजारो नाणी तराजूत तोलली. नाणं जितका काळ हातोहाती फिरतं तितकं झिजतं. या झिजेच्या गणितावरून त्यांनी प्राचीन नाण्यांचा क्रम लावायला घेतला. इतिहासाची वाट त्यांना अशी सापडली. १९४३ मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका पेपरातली कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावानं प्रसिद्ध झाली. आपल्याकडे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये किंवा इमेज प्रोसेसिंगमध्ये पी.ओ.डी. करणारे जे करतात, ते मुळात हेच.

आता ते सूत्र. जनुकं गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखी ओळीनं बसलेली असतात. बीजपेशी तयार होताना आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं गुणसूत्र शेजारी येतात आणि आपसात तुकडे बदलतात. दोन जनुकं जवळ असतील तर बहुतेक वेळा एकत्रच जातात. लांब असतील तर फाटाफूट जास्त. म्हणजे संततीत किती टक्के फाटाफूट झाली ते मोजलं की अंतर कळलं! पण इथेच मेख आहे. दोन जनुकांच्या मधे दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि आपल्या मोजणीत काहीच दिसत नाही. अंतर वाढत जातं, पण फाटाफुटीचा आकडा पन्नास टक्क्यांच्या पुढे जात नाही.

१९१९ मध्ये हाल्डेन यांनी यावर सूत्र दिलं, पण त्यात प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र धरली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या आसपास दुसरी सहसा होत नाही. कोसंबींनी हा अडथळा गणितात धरला : जवळच्या अंतरावर तो जोरदार, अंतर वाढेल तसा विरत जाणारा. १९४४ च्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’च्या खंडात त्यांचा पेपर आला. फाटाफूट २० टक्के असेल तर हाल्डेन यांच्या सूत्रानं अंतर येतं २५.५ एकक, कोसंबींच्या सूत्रानं २१.२. जीवशास्त्राची डिग्री नसलेल्या माणसानं जनुकशास्त्राला अशी फूटपट्टी दिली!

कुणी म्हणेल, अंतर मोजून काय मिळतं? जनुक किती काम करतं, हे त्याच्या प्रती किती यावरच नाही, तर त्या कुठे बसल्यात यावरही ठरतं. सी. एलिगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी घ्या. त्याच्यात बाहेरून जनुक टोचलं तर बऱ्याचदा त्याच्या खूप प्रती जोडल्या जाऊन सुटी माळ बनते. प्रती भरपूर, म्हणून काम भरपूर? नाही! शरीराच्या पेशींत माळ काम करते, पण बीजपेशींत ती बहुधा गप्प केली जाते. तेच जनुक एकाच प्रतीत, गुणसूत्रात नीट बसवलं तर तिथेही सहसा चालतं. उभयलिंगी कृमीत एक्स गुणसूत्रं दोन, नरात एकच; म्हणून उभयलिंगी कृमी आपल्या दोन्ही एक्सचं काम जवळपास निम्म्यावर आणतो. नवी प्रत गुणसूत्रात कुठे बसली, हे शोधायची जुनी खात्रीची पद्धत म्हणजे संकर करायचा आणि फाटाफूट मोजायची. या कृमीत एका गुणसूत्रजोडीत बहुतेक एकच अदलाबदल होते, म्हणजे अडथळा जवळजवळ पूर्ण. हाल्डेन एका टोकाला, हा कृमी दुसऱ्या टोकाला, आणि कोसंबी मधे! भात-गव्हासारख्या पिकांना ही मधली वाट चांगली लागू पडली. आणि आपला कोल्हापूरचा ऊस? त्याच्या पेशीत शंभराहून जास्त गुणसूत्रं, एकेका जनुकाच्या आठ-दहा प्रती! अशा गुंत्याचे नकाशे काढतानाही कोसंबींचं सूत्र वापरलं गेलं आहे.

पुढे कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. घर पुण्यात, म्हणून जाणं-येणं डेक्कन क्वीननं. अणुऊर्जेचा बोलबाला असताना ते सौरऊर्जेची बाजू मांडत राहिले. मात्र १९५९ मध्ये त्यांनी रीमान यांच्या प्रसिद्ध कूटप्रश्नाकडे जाणारी वाट सापडल्याचा पेपर कृषिसांख्यिकीच्या जर्नलमध्ये छापला. शुद्ध गणितातल्या लोकांनी तो आधी तपासावा अशी ती जागाच नव्हती. युक्तिवाद टिकला नाही आणि नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार पुढे वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते गेले.

ज्याच्यावर त्यांनी नाव पणाला लावलं ते बुडालं, आणि एक छोटा पेपर ऐंशी वर्षांनंतरही रोज वापरात आहे. दोन्ही वेळा ते आपल्या ब्रँचचं कुंपण ओलांडूनच गेले होते. फरक इतकाच की फूटपट्टी ज्यांच्या कामाची होती, त्यांच्याच हातात त्यांनी ती दिली, आणि त्यांनी ती मोजून पाहिली. तेव्हा दुसऱ्या ब्रँचच्या लॅबमध्ये डोकवायला लाजू नका. फक्त आपलं उत्तर तिथल्या जाणकाराला दाखवायलाही लाजू नका!