एडिसन आणि हुबेहूब आवाजाचा ध्यास

विजेचा दिवा घरोघर नेणारा संशोधक म्हणून थॉमस आल्वा एडिसनचे नाव शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु या दिव्याच्या झगमगाटात त्याच्या आयुष्यातील एक दुसरा ध्यास काहीसा झाकोळून गेला आहे. यंत्रातून निघणारे गाणे आणि गायकाच्या कंठातून निघणारे गाणे यांत कानाला भेद कळू नये, हा तो ध्यास होय. आज उत्तमोत्तम ध्वनियंत्रांसाठी लाखो रुपये मोजणारे रसिक आहेत आणि त्यांचाही प्रश्न हाच असतो. या प्रश्नाची परीक्षा शेकडो श्रोत्यांसमोर, भर नाट्यगृहात घेण्याचे धाडस मोठ्या प्रमाणावर प्रथम एडिसनने केले. आणि नवल असे की, हे धाडस करणारा मनुष्य जवळजवळ बहिरा होता.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो प्रांतात मिलान या गावी झाला. शाळेत तो फार काळ रमला नाही. त्याची आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच शिकविले. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. त्याचे कान याच सुमारास बिघडले. लहानपणच्या तापाने, की कोणा रेल्वे-नोकराच्या हातून कानाला बसलेल्या हिसक्याने, याविषयी निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात, आणि एडिसनला स्वतःलाही कथा रंगविण्याची हौस होतीच. कारण काहीही असो, पुढील सारे आयुष्य त्याने अधू कानांनी काढले. त्याला याची खंत फारशी वाटली नाही. तारायंत्राच्या कचेरीत शेजारच्या यंत्रांचा गलबला ऐकू येत नाही आणि आपल्या यंत्राची टकटक तेवढी स्पष्ट कळते, हा त्याला लाभच वाटे.

तारायंत्रावर काम करता करताच त्याला ध्वनिलेखनाची वाट सापडली. इ. स. १८७६ मध्ये त्याने न्यू जर्सी प्रांतातील मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभारली. तारेने आलेला संदेश कागदावर ठसे उमटवून टिपावा आणि तोच पुन्हा पुढे धाडावा, अशी योजना तो आखीत होता. ठशांचा कागद वेगाने फिरला की त्यातून गुणगुणल्यासारखा नाद निघे. मग मनुष्याच्या आवाजाचेच ठसे का घेऊ नयेत, असे त्याच्या मनात आले. १८७७ च्या अखेरीस त्याने एक आकृती काढून आपला कुशल कारागीर जॉन क्रूसी याच्या हाती दिली. पितळेच्या दंडगोलावर कथिलाचा पातळ वर्ख गुंडाळावयाचा, दंडगोल हाताने फिरवावयाचा आणि एका कंप पावणाऱ्या पडद्याला जोडलेली सुई त्या वर्खावर टेकवावयाची, एवढीच त्या यंत्राची रचना होती. एडिसनने त्यात मुलांचे एक बडबडगीत मोठ्याने म्हटले, सुई पुन्हा आरंभी आणून ठेवली आणि दांडा फिरविला. यंत्र बोलू लागले! १९ फेब्रुवारी १८७८ रोजी फोनोग्राफचे पेटंट त्याला मिळाले आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हेज यांनी व्हाइट हाउसमध्ये रात्री उशिरापर्यंत हे नवल ऐकले.

या यंत्राचे काय काय उपयोग होतील याची यादी त्याने १८७८ मध्येच एका मासिकात प्रसिद्ध केली. पत्रे सांगून लिहविणे, अंधांसाठी बोलकी पुस्तके, वक्तृत्वाचे शिक्षण, वडीलधाऱ्यांचे आवाज जतन करणे, असे ते उपयोग होते. संगीताचा उल्लेख त्यात आहे, पण तो अनेकांपैकी एक म्हणून. शिवाय कथिलाचा वर्ख दोन-चार वेळा वाजविला की फाटून जाई. एडिसन दिव्याच्या मागे लागला आणि फोनोग्राफ जवळजवळ दहा वर्षे अडगळीत पडला. दुसऱ्या संशोधकांनी वर्खाऐवजी मेण वापरून सुधारलेले यंत्र पुढे आणले, तेव्हा तो खडबडून जागा झाला आणि जून १८८८ मध्ये दिवसरात्र खपून त्याने आपले मेणाचे यंत्र सिद्ध केले. पुढे त्याने बोलक्या बाहुल्याही विकावयास काढल्या. त्यांच्या पोटातील आवाज असा कर्कश होता की त्या लवकरच बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

मधल्या काळात एमिल बर्लिनर याने दंडगोलाऐवजी सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. तबकडी छापावयास सोपी आणि ठेवावयास सुटसुटीत. व्हिक्टर कंपनीने तिच्यावर कारूसोसारख्या विख्यात गायकांचे आवाज विकून पैसा व कीर्ती मिळविली. एडिसन मात्र दंडगोलालाच चिकटून राहिला. तो निव्वळ हट्ट नव्हता. दंडगोलावर सुईखालून खाच सरकण्याचा वेग आरंभापासून शेवटपर्यंत सारखा राहतो. तबकडीवर सुई मध्याकडे जाऊ लागली की तोच वेग कमी होत जातो आणि आवाजाचे बारकावे दाटीवाटीने कोरले जाऊन बिघडतात. शास्त्र एडिसनच्या बाजूचे होते, बाजार नव्हता.

अखेर १९१२ मध्ये त्यानेही तबकडी काढली, पण आपल्या पद्धतीची. ती सुमारे पाव इंच जाड असून तिच्यावर कृत्रिम राळेचा लेप असे. इतरांच्या तबकडीत सुई डावी-उजवीकडे हले. याच्या तबकडीत ती खालीवर नाचे. सुईच्या टोकाला खरा हिरा बसविलेला असे, म्हणून ती दर वेळी बदलावी लागत नसे. यंत्राच्या पेट्या उत्तम लाकडाच्या, नक्षीदार असत. पुढे जाहीर परीक्षांसाठी जो नमुना वापरला गेला त्याची किंमत २५० डॉलर होती. त्याच सुमारास फोर्डची अख्खी मोटार साडेतीनशे ते साडेचारशे डॉलरांत मिळत असे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या पेटीचे मोल कळते.

त्या काळी ध्वनिलेखन कसे होई, हेही येथे सांगितले पाहिजे. मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. गायकाने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावयाचे. त्याच्या आवाजाच्या जोरानेच सुई मेणात खाच पाडी. तार स्वर लावताना मागे सरावयाचे, मंद्रात पुढे झुकावयाचे. व्हायोलिनचा नाजूक नाद कर्ण्यापर्यंत पोचेना, म्हणून त्याला धातूचा कर्णा जोडलेले व्हायोलिन वापरीत. मोठ्या तंतुवाद्याचे खर्जाचे स्वर उमटेनात, म्हणून त्याच्या जागी पितळी तुतारीवजा वाद्य बसवीत. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे वीस कंपनांपासून वीस हजार कंपनांपर्यंतचे नाद ऐकू शकतो. कर्ण्यातून टिपला जाणारा भाग साधारण दोनशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंतच. म्हणजे खर्जाचा पाया आणि वरच्या अंगाची झिलई दोन्ही गळून पडत. गाणाऱ्या स्त्रीचा किंवा पुरुषाचा मध्यम पट्टीतील आवाज तेवढा बऱ्यापैकी उतरे.

अशा तबकड्यांसाठी गायक निवडण्याचे काम एडिसन स्वतः करी. नीट ऐकू येत नसे, म्हणून तो यंत्राच्या लाकडात किंवा पियानोच्या कडेत दात रुतवून बसे. स्वरांची कंपने दातांतून कवटीच्या हाडांत आणि तेथून आतल्या कानापर्यंत पोचत. असे ऐकून तो वहीत शेरे लिही, आणि ते शेरे मोठे निर्दय असत. आवाजातील कंप त्याला मुळीच खपत नसे. मोठमोठ्या गायकांना त्याने एवढ्याच कारणाने नापसंत केले. तबकडीवर आरंभी गायकाचे नावसुद्धा छापलेले नसे, कारण लोकांनी नाव न पाहता नाद पाहावा असे त्याला वाटे. विचार उदात्त खरा, पण ज्याला रसिकाचे मन कळते असा मनुष्य असे करणार नाही. गाण्यात आपण नादाइतकेच माणसालाही ऐकत असतो.

१९१४ च्या डिसेंबरात वेस्ट ऑरेंज येथील त्याच्या कारखान्याला भीषण आग लागली. सदुसष्टाव्या वर्षी त्याने तो पुन्हा उभा केला. आणि पुढच्याच वर्षी त्या प्रसिद्ध परीक्षांना आरंभ झाला. रंगमंचावर एडिसनचे यंत्र ठेवलेले असे. शेजारी गायिका उभी राही. तिचीच तबकडी लागे. ती तिच्याबरोबर गाई, मध्येच थांबे, पुन्हा गाऊ लागे. ओठ मिटले तरी गाणे चालूच! मग दिवे मालवीत. अंधारात गाणे अखंड चाले, आणि दिवे लागत तेव्हा गायिका रंगमंचावर नसे. केवळ यंत्र गात असे. श्रोते चकित होऊन टाळ्यांचा कडकडाट करीत. १९१६ च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड या गायिकेने असा कार्यक्रम केला. अमेरिकेच्या लहानमोठ्या गावांत सुमारे दहा वर्षे अशा परीक्षा होत राहिल्या, आणि ऐकणाऱ्यांत जाणकार मंडळीही असत.

मग ते यंत्र खरोखर इतके सच्चे होते काय? या परीक्षांत सर्वांत गाजलेली गायिका म्हणजे ॲना केस. ती एका खेड्यातील लोहाराची मुलगी. पुढे ती मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाऊ लागली. त्या दिवसांनंतर अर्धशतक लोटल्यावर, १९७२ मध्ये, तिने एका मुलाखतीत उघड केले की रंगमंचावर आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळेल असा लावीत होतो. म्हणजे यंत्राने गायिकेची नक्कल केली त्यापेक्षा गायिकेनेच यंत्राची नक्कल केली! हे एकदा कळले की बाकीच्या गोष्टीही उलगडतात. परीक्षेस बसे ती बहुधा एकट्या गायिकेची किंवा एखाद्या वाद्याची तबकडी. शंभर वादकांचा मेळा कधी तिच्याशी ताडून पाहिला जात नसे. सभागृहाचा घुमारा यंत्रालाही मिळे आणि गायिकेलाही, त्यामुळे दोघांतले अंतर आणखी बुजे.

याला कोणी लबाडी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. आपले यंत्र खरे बोलते यावर एडिसनची श्रद्धा होती, आणि श्रोत्यांचे नवलही खोटे नव्हते. परंतु हुबेहूब हा शब्द त्या रात्री मूळ गाण्यालाच थोडे आखडून घेऊन साधला गेला, एवढे मात्र खरे. आपल्याकडे याचाच दुसरा प्रकार घडला. तासभर रंगणारा ख्याल तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला, तेव्हा विलंबिताचा संथ विस्तार बाहेरच राहिला. बडोद्यात ज्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले त्या भास्करबुवा बखले यांचे निधन १९२२ मध्ये झाले, तेव्हा ध्वनिमुद्रणाचे युग चांगले वीस वर्षांचे होते. तरी त्यांच्या गायनाची एकही मुद्रिका आपल्यासाठी मागे राहिलेली नाही.

एडिसनचे पुढचे दिवस या व्यवसायात उताराचे गेले. थोर पियानोवादक राखमानिनॉफ याने १९१९ मध्ये त्याच्यासाठी वादन केले आणि लगेच पुढच्या वर्षी तो व्हिक्टर कंपनीकडे गेला. १९२५ मध्ये इतर कंपन्यांनी मायक्रोफोन व विजेच्या साहाय्याने ध्वनिलेखन सुरू केले. कर्ण्याने गाळलेले खालचे आणि वरचे स्वर आता तबकडीत येऊ लागले. एडिसनने हे तंत्र दोन वर्षे उशिराने स्वीकारले. मधल्या काळात, १९२६ मध्ये, त्याच्या कारखान्याने एका बाजूस वीस मिनिटे वाजणारी तबकडी काढली होती. कल्पना काळाच्या फार पुढची. पण तिचा आवाज इतका क्षीण की कोणी ती घेईना. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्याच्या कंपनीने तबकड्या काढणे बंद केले, आणि १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथील राहत्या घरी एडिसनचे देहावसान झाले.

त्याने विचारलेला प्रश्न मात्र राहिला. १९३३ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात वाजणारा पूर्ण वाद्यवृंद तीन मायक्रोफोन, तीन तारा आणि तीन ध्वनिक्षेपक यांच्या द्वारे वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविण्यात आला, तेव्हा वाद्ये डावीकडची कोणती, उजवीकडची कोणती हेही श्रोत्यांना कळू लागले. आजची उत्तम यंत्रे कानाला ऐकू येणारा जवळजवळ सगळा पल्ला सांभाळतात. एक कंठ किंवा एक सतार ती इतकी जवळ आणतात की डोळे मिटल्यावर क्षणभर फसावे. पण ऐंशी-शंभर वादकांचा नाद सभागृहाच्या भिंतींवरून, छतावरून, चहूबाजूंनी आपल्यापर्यंत येतो. घरातील दोन पेट्या तो दोन ठिकाणांहून देतात आणि आपल्या लहान खोलीच्या भिंती त्यात स्वतःचा घुमारा मिसळतात. शिवाय मायक्रोफोन कोठे ठेवावा हे ज्याने ठरविले, त्याच्याच जागेवरून आपण सारे ऐकत असतो.

वेस्ट ऑरेंज येथील एडिसनची प्रयोगशाळा आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केलेली आहे आणि त्याच्या हजारो मुद्रिका तेथे सांभाळून ठेवल्या आहेत. त्या जाड तबकड्या अलीकडच्या हलक्या विद्युत्-सुईने वाजविल्या, तर १९१५ च्या श्रोत्यांनी त्या नक्षीदार पेटीतून ऐकले त्याहून कितीतरी अधिक त्यांतून निघते. खाचांत ते पहिल्यापासून होते. पेटीच्या आतल्या कर्ण्याला तेवढे बाहेर काढता येत नव्हते.