‘डब्ल्यू. वायन, आर. ए.’

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश लष्करी पदक हाती आले, की जाणकार भिंग घेऊन राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याच्या तळाशी असलेली बारीक अक्षरे शोधतात. तेथे बहुधा ‘डब्ल्यू. वायन, आर. ए.’ अशी स्वाक्षरी आढळते. ही नाममुद्रा लंडनच्या शाही टांकसाळीचे मुख्य उत्कीर्णक विल्यम वायन यांची होय.

विल्यम यांचा जन्म १७९५ मध्ये बर्मिंगहॅम येथे झाला. ठसे कोरणे हा घराण्याचा पिढीजात व्यवसाय. वडील पीटर यांच्याकडे १८०९ पासून उमेदवारी करून १८१६ मध्ये ते टांकसाळीत दुय्यम उत्कीर्णक झाले. वॉटर्लूच्या पदकाचे ठसे कोरणारे मुख्य उत्कीर्णक थॉमस वायन हे त्यांचे चुलतबंधू. थॉमस १८१७ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तले आणि त्यांचे काम इटालियन कलावंत बेनेदेत्तो पिस्त्रुची यांच्याकडे गेले. येथून दोघांतील दीर्घ स्पर्धेला आरंभ झाला. चौथ्या जॉर्जला शिल्पकार चँट्री यांनी घडविलेल्या अर्धपुतळ्यावरून नाणी हवी होती. दुसऱ्याच्या कृतीची नक्कल करण्यास पिस्त्रुची यांनी नकार दिला. ते काम वायन यांनी पार पाडले. १८२८ मध्ये वायन मुख्य उत्कीर्णक झाले, तर पिस्त्रुची यांना मुख्य पदककाराचे पद मिळाले.

१८३८ मध्ये वायन रॉयल अकादमीचे पूर्ण सदस्य झाले. ‘आर. ए.’ ही अक्षरे त्याच सन्मानाची खूण. म्हणूनच ती असलेला ठसा त्या वर्षापूर्वीचा असू शकत नाही, हे अभ्यासकाला सहज कळते. १८४० च्या पहिल्या टपाल तिकिटावरील राणीचे चित्रही त्यांच्याच १८३७ च्या पदकावरून घेतलेले होते. त्याच वर्षाच्या कंपनी सरकारच्या रुपयावरही ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ ही आद्याक्षरे दिसतात.

महाराष्ट्राच्या इतिहासाशी त्यांचा संबंध जुळतो तो ‘आर्मी ऑफ इंडिया’ या रौप्यपदकामुळे. त्याच्या एकवीस पट्ट्यांत असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर आणि कोरेगाव ही नावे आहेत. मराठी सत्तेच्या अस्ताच्या या लढाया. परंतु पदक मंजूर झाले १८५१ मध्ये, तेही केवळ हयात असलेल्यांसाठी. असईच्या सैनिकाला त्यासाठी ४८ वर्षे वाट पाहावी लागली. बहुतेकांनी ते पाहिलेही नाही.

त्याच वर्षी, २९ ऑक्टोबरला, ब्रायटन येथे वायन यांचेही निधन झाले. त्यांनी कोरलेला राणीचा मुखवटा मात्र वापरात राहिला. १८५४ च्या ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ पदकाची एक बाजू विल्यम यांची, तर दुसरी त्यांचे पुत्र लिओनार्ड यांची आहे. एकाच धातूवर पिता-पुत्रांचे काम असे एकत्र नांदते. ज्या सैनिकांच्या छातीवर ही पदके मिरवली, त्यांची नावे कडेवर उमटवलेली असत; घडविणाऱ्याचे नाव मात्र भिंगाखालीच वाचावे लागते.