होळकर महाराजांची ड्युझेनबर्ग कार आणि जुन्या गाडीच्या 'ओरिजिनल' रंगाची किंमत

साताऱ्यात किंवा सांगलीत कुणी जुनी गाडी विकायला काढली की बघायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, गाडी ओरिजिनल आहे ना? गंमत म्हणजे विकणाऱ्याने बऱ्याचदा त्याच्या आदल्या आठवड्यातच गाडी गॅरेजला नेऊन नवा रंग मारलेला असतो, सीटही नव्या शिवून घेतलेल्या असतात. त्याला वाटतं, भाव वाढला.

क्लासिक गाड्यांच्या जागतिक बाजारात मात्र उलटा हिशोब सुरू झालाय. कंपनीचा रंग, सीटचं कातडं, मीटर, इंजिन नंबर जसाच्या तसा असेल, तर जरा पोपडे उडालेल्या गाडीलाही रिस्टोअर केलेल्या गाडीपेक्षा जास्त मान मिळतो. पैसेही अनेकदा जास्त मिळतात. कारण सोपं आहे. नवा रंग कधीही मारता येतो, पण खरवडून काढलेला मूळ रंग पुन्हा आणता येत नाही.

हे नीट समजून घ्यायचं असेल तर एका मराठी संस्थानिकाचं आयुष्य बघायला पाहिजे. ते म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे.

इंदूर लांब वाटेल, पण होळकर हे आडनाव पडलं ते नीरा नदीकाठच्या होळ गावावरून. हीच नीरा पुढे सातारा आणि पुणे जिल्ह्यांची सीमा होते. म्हणजे घराण्याचं मूळ आपल्याच भागातलं.

यशवंतरावांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव तिसरे. १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर बावला खून खटला गाजला आणि त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले. इंग्रज सरकारच्या दबावामुळे तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि अवघ्या १७ वर्षांचे यशवंतराव महाराज झाले. पूर्ण अधिकार मिळायला १९३० साल उजाडलं. मधल्या काळात ते ऑक्सफर्डला शिकले. लग्न लहानपणीच झालं होतं. महाराणी संयोगिताबाई कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या.

ऑक्सफर्डच्या काळात त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली. त्याच्याकडून त्यांनी इंदूरमध्ये माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. इथे जुन्या थाटाची झुंबरं आणि कोरीव खांब नव्हते. होतं ते स्टील, काच, ॲल्युमिनियम आणि त्या काळात चैनीचं मानलं जाणारं एसी. फर्निचर युरोपातल्या नामवंत डिझायनर्सचं. शिल्पकार ब्रांकुशीची शिल्पंही त्यांनी विकत घेतली होती.

गाड्यांच्या बाबतीतही हाच खाक्या. शोरूममधली तयार गाडी घ्यायची नाही, आपल्यासाठी बनवून घ्यायची. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे १९३५ ची ड्युझेनबर्ग एसजे स्पीडस्टर. चेसिस आणि इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीने बांधलेली. लांबलचक बॉनेट, होडीसारखा निमुळता मागचा भाग आणि रंग नारिंगी-काळा. सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन, ताकद ३२० हॉर्सपॉवर. आपल्या मारुती ८०० च्या साधारण आठपट, आणि तेही १९३५ मध्ये! एसजे मॉडेलच्या गाड्या बनल्या जेमतेम तीन डझन. १९३७ मध्ये ड्युझेनबर्गचा कारखानाच बंद पडला.

त्याच वर्षी यशवंतरावांवर मोठा आघात झाला. संयोगिताबाई ऐन तारुण्यात स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. ब्रांकुशी इंदूरला आला होता, त्याच्याकडून ध्यानमंदिर उभारून घ्यायचा बेत होता. ते मंदिर कधीच झालं नाही. पुढे महाराजांनी दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकन महिलांशी.

पण यशवंतराव म्हणजे फक्त शौक असंही नाही. त्यांच्या आश्रयाखालच्या होळकर संघाने सी. के. नायडूंच्या नेतृत्वात रणजी करंडक चार वेळा जिंकला.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. यशवंतराव त्या राज्याचे उपराजप्रमुख झाले. १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात गेलं आणि तेही पद संपलं. ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय होतं ५३.

मग उरलं काय?

माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. ड्युझेनबर्ग अमेरिकेत गेली. राजवाडा उभा आहे, पण तिथे आता केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे. ज्या खोलीसाठी जी खुर्ची बनवली, ती खुर्ची एका देशात आणि खोली दुसऱ्या देशात, अशी अवस्था झाली.

म्हणूनच अशा माणसाची एखादी वस्तू बाजारात आली की जाणकार चकाकीच्या आधी खूण शोधतात. जुना रंग, कारागिराची पट्टी, झिजलेलं पेडल. संस्थान, दरबार, मालक सगळं गेल्यावर वस्तू खरी कुणाची हे सांगायला एवढंच शिल्लक असतं. तेही घासून पुसून टाकलं, तर मागे राहते फक्त एक महागडी गाडी.

आपल्याकडेही सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं होती. वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जुनी गाडी तुमच्याही पाहण्यात असेल. ती राजाचीच असायला हवी असं नाही, आजोबांची फियाटही चालेल. विकायची असेल तर धुवा, पुसा, पण रंगाचा डबा उघडण्याआधी थांबा. आधी आहे त्या अवस्थेत फोटो काढा. जुनं आरसी बुक, पावत्या, गाडीसोबत काढलेले घरातले फोटो शोधून ठेवा आणि एखाद्या जाणकाराला गाडी दाखवा.

यशवंतरावांकडे हवं ते बनवून घेण्याइतका पैसा होता. पण त्यांच्या गाडीवरचा १९३५ चा मूळ रंग एकदा खरवडला गेला, तर तो परत आणणं त्यांनाही जमलं नसतं.